मन, यंत्र आणि प्रमाण

वारकरी कीर्तनात प्रमाणाला फार मान आहे. निरूपणाला घेतलेल्या अभंगाचा अर्थ कीर्तनकार आपल्या पदरचा सांगत नाही. प्रत्येक पायरीला संतवचनाचा आधार देतो, आणि तो आधार देताना शब्द चुकला तर मागे उभा असलेला जुना टाळकरी तिथल्या तिथे चाल धरून तो दुरुस्त करतो. पन्नास वर्षे मी नारदांच्या गादीवर उभा राहिलो. माझा शब्द मागच्यांनी किती वेळा सावरला याची गणती नाही. पण एक प्रमाण मी सात-आठ वर्षे चुकीचे देत राहिलो आणि ते कोणी सावरले नाही. कारण ते गाथ्यातले नव्हते, अमेरिकेतले होते.

मनाचे सामर्थ्य असा विषय आला की मी म्हणत असे, "अहो, आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केले आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन नावाचे मोठे विद्यापीठ आहे. तिथे माणूस यंत्रासमोर नुसता बसतो, मनात इच्छा धरतो आणि यंत्र त्या इच्छेप्रमाणे चालते. साध्या मनाचे हे बळ, तर नामाने भरलेल्या मनाचे किती असेल!" मंडपात टाळ्या पडत. ही माहिती मला कुणीतरी भेट दिलेल्या एका लहानशा पुस्तिकेत मिळाली होती. ती पारखून घ्यावी असे मला कधी वाटले नाही.

आमच्या दिंडीत एक टाळकरी आहेत. वीस वर्षे ते माझ्या मागे उभे राहिले. त्यांना मधुमेह. माझे हे बोलणे त्यांनी मनावर घेतले आणि घरात कोणाला न सांगता गोळ्या कमी करत करत बंद केल्या. त्या वर्षीच्या आषाढी वारीत पायाला फोड आला, तो चिघळला, आणि डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून ते म्हणाले, "महाराज, शरीर म्हणजे यंत्रच की. तुम्ही सांगत होता तसे मनाने चालवून बघितले. माझेच मन कमी पडले."

त्यांनी मला दोष दिला असता तर मला हलके वाटले असते. त्यांनी तो स्वतःच्या मनाला दिला.

त्यांची नात तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती. ती तिथेच बसलेली होती. तिने शांतपणे विचारले, "महाराज, त्या यंत्रावर मनाचा परिणाम किती झाला होता? आकडा काय होता?" मला आकडा ठाऊक नव्हता. आयुष्यभर मी ओवीचा क्रमांक सांगून अर्थ सांगत आलो, आणि या एका गोष्टीत मला काहीच सांगता येईना. पुढे हिवाळ्यात सुट्टीला आली की ती त्या प्रयोगांचे मूळ लेख मला मराठीतून समजावून सांगे आणि मी वहीत टिपून घेई. गादीवरून मी अर्धे सांगितले होते. उरलेले अर्धे या लेखात सांगतो.

ही कथा प्रिन्स्टनच्या बरीच आधी सुरू होते. सन १८५३. आपल्याकडे त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. तिकडे इंग्लंडात त्या काळी घरोघरी एक नाद लागला होता. पाच-सहा माणसे गोल मेजाभोवती बसत, मेजावर हात ठेवत, आणि थोड्या वेळाने मेज आपोआप फिरू लागे. कोणी म्हणे हे मृतात्मे, कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे ही मनःशक्ती. लोकांनी उत्तर मागितले ते मायकेल फॅरडे यांच्याकडे. विजेच्या शास्त्रातला तो त्या काळचा सर्वांत थोर माणूस. लोहाराचा मुलगा, शाळा फार झालेली नाही, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तके वाचून शिकलेला. आणि मोठा श्रद्धावान. आपल्या लहानशा ख्रिस्ती पंथात तो वडीलधारा म्हणून काम करी. म्हणजे ही परीक्षा कोणा नास्तिकाने घेतलेली नाही.

फॅरडे यांनी मेज फिरवणाऱ्या प्रामाणिक माणसांनाच बोलावले. मेजावर एकावर एक अशा दोन पट्ट्या ठेवल्या, त्यांच्यामध्ये काचेच्या कांड्या घातल्या, म्हणजे वरची पट्टी खालचीवरून सहज सरकावी. शिवाय एक काडी अशी बसवली की वरची पट्टी कणभर जरी सरकली तरी काडी कलून ते दाखवील. आता विचार करा. मेज स्वतः फिरत असेल तर खालची पट्टी आधी हलेल. हात ढकलत असतील तर वरची आधी हलेल. दर वेळी वरची आधी हलली. हात ढकलत होते, आणि ढकलणाऱ्याला ते कळत नव्हते. ती माणसे लबाड नव्हती. शपथेवर सांगत होती की आम्ही ढकलत नाही, आणि त्यांना तसे खरोखरच वाटत होते.

मला यातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. ती काडी बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली की मेज फिरायचे थांबले. आपला हात सरकतो आहे हे दिसू लागताच सरकणे बंद झाले. फॅरडे यांनी हे सगळे जूनअखेर लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून जाहीर केले. मन हाताला नकळत चालवते आणि वर म्हणते की मी काही केले नाही, हे आपल्या संतांना का ठाऊक नव्हते? म्हणून तर मनावर पहारा ठेवायला ते सांगत आले. फॅरडेंची काडी हा तसलाच एक पहारा.

पुढचे ठिकाण अमेरिकेतले ड्यूक विद्यापीठ. तिथे जे. बी. ऱ्हाइन नावाचे संशोधक होते. शिक्षण वनस्पतिशास्त्राचे, तरुणपणी धर्मोपदेशक व्हायची इच्छा होती. माणसात शरीरापलीकडे काही आहे का, हे मोजून पाहायचे असा त्यांचा ध्यास. १९३४ साली एक जुगारी त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, मी मनाने फासे हवे तसे पाडतो. दोघे तिथेच जमिनीवर बसून फासे टाकू लागले. तिथून फाशांचे प्रयोग सुरू झाले. आधी हाताने, मग पेल्यातून, मग विजेवर फिरणाऱ्या पिंजऱ्यातून. नऊ वर्षांनी, १९४३ साली, ऱ्हाइन यांनी पहिले निष्कर्ष छापले. मनाचा परिणाम दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पण फाशांची गोष्ट निघाली की आपल्याला शकुनी आठवतो आणि आपण विचारतो, फासे चोख होते का? तिकडच्या टीकाकारांनीही तेच विचारले. फाशाच्या सहाच्या बाजूवर सहा खड्डे कोरलेले, एकाच्या बाजूवर एकच. म्हणून सहाची बाजू कणभर हलकी, आणि ती वर येण्याकडे फाशाचा किंचित कल. मोठे दान मागायचे आणि मोठे दान जास्त पडले म्हणून आनंद मानायचा, यात मनाचे किती आणि खड्ड्यांचे किती? तराजूला पासंग असला तर तोलणारा कितीही प्रामाणिक असो, माप चुकतेच. हा पासंग या कथेत शेवटपर्यंत येतो, म्हणून तो लक्षात ठेवावा. ऱ्हाइन यांनीही तो काढण्यासाठी पुढे फाशाच्या सगळ्या बाजू पाळीपाळीने मागून पाहिल्या.

ऱ्हाइन यांची दुसरी एक गोष्ट मला सांगायची आहे. १९७४ साली त्यांच्याच संस्थेच्या तरुण संचालकाला सहकाऱ्यांनी पकडले. यंत्रातून येणाऱ्या नोंदीत तो हात घालून हवे ते आकडे उमटवत होता. सहकाऱ्यांना संशय आला, त्यांनी गुपचूप दुसरी नोंद ठेवली, आणि दोन नोंदी जुळेनात. ऱ्हाइन तेव्हा जवळजवळ ऐंशीचे. आयुष्यभराचे काम पणाला लागलेले, लोक हसणार हे दिसत असलेले. त्यांनी त्या संचालकाचा राजीनामा घेतला आणि घडलेला प्रकार स्वतःच लिहून छापला. आपल्या फडाची अब्रू झाकण्यासाठी खोटे पोटात घालणारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणून या म्हाताऱ्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

यानंतर फासे मागे पडले आणि विजेची यंत्रे आली. हेल्मुट श्मिट हे मूळचे जर्मन पदार्थवैज्ञानिक. बोईंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात ते होते. काही द्रव्ये अशी असतात की त्यांतून अतिसूक्ष्म कण अधूनमधून बाहेर पडतात, आणि पुढचा कण नेमका कधी पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. श्मिट यांनी त्यावर एक यंत्र बांधले. नऊ दिवे गोलात मांडलेले, एका वेळी एकच पेटलेला. कणाच्या वेळेप्रमाणे उजेड एक घर पुढे सरके, नाहीतर एक घर मागे. समोर बसलेल्याने इच्छा धरायची की उजेड पुढेच जावा. फाशाला खड्डे असतात, इथे तसले काही नाही, हा त्यातला हेतू.

श्मिट यांचे लेख वाचून एक विद्यार्थिनी १९७७ साली प्रिन्स्टनच्या रॉबर्ट जान यांच्याकडे आली. जान हे साधे प्राध्यापक नव्हते. अवकाशयानांना पुढे ढकलणाऱ्या विद्युत इंजिनांचे ते जाणकार, आणि विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख. असे यंत्र मला करून पाहायचे आहे, असे ती म्हणाली. जान यांचा त्यावर विश्वास नव्हता, पण त्यांनी नाही म्हटले नाही. तिचे आकडे पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. १९७९ साली अभियांत्रिकीच्या इमारतीच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तिचा रोजचा कारभार ब्रेंडा डन या बाई पाहत. पैसा देणग्यांतून आला.

त्या प्रयोगशाळेत एक भिंतीएवढा सांगाडा होता, दहा फूट उंच आणि सहा फूट रुंद. वरून नऊ हजार गोळ्या सोडायच्या. त्या ३३० खुंट्यांवर आपटत आपटत खाली येत आणि १९ कप्प्यांत जमत. माणसाने समोर बसून इच्छा धरायची की गोळ्या उजवीकडे जास्त जाव्यात, किंवा डावीकडे. लंबकही होता, कारंजेही होते. पण मुख्य यंत्र छापा-काट्याचे. विजेच्या सूक्ष्म खळबळीवरून ते एका फेरीत दोनशे वेळा छापा-काटा करी आणि छापे किती पडले ते सांगे. सरासरी शंभर पडायला हवेत. दर वेळी बरोबर शंभर पडत नाहीत. कधी ९४, कधी १०५, असे सातएकाच्या फरकाने ते मागेपुढे होतात. समोरच्या माणसाने आधी सांगून तीन प्रकारच्या फेऱ्या करायच्या. जास्त पडोत, कमी पडोत, आणि काहीच इच्छा नको.

ही माणसे सिद्धपुरुष नव्हती. कोणाला मोबदला नव्हता, कोणाचे नाव जाहीर होत नव्हते. बारा वर्षांत अशा ९१ माणसांनी मिळून जवळजवळ पंचवीस लाख फेऱ्या केल्या. बारा वर्षांना आपण तप म्हणतो. हे तपच होते.

आता त्या मुलीने मला विचारलेला आकडा. 'जास्त पडोत' या इच्छेच्या फेऱ्यांची सरासरी आली १००.०२६. 'कमी पडोत'ची आली ९९.९८४. काहीच इच्छा नसलेल्या फेऱ्यांची १००.०१३.

मी तिला म्हणालो, "बाळ, हे माझ्या भाषेत सांग." ती म्हणाली, "महाराज, आठ हजार वेळा नाणे उडवले तर इच्छेने एक छापा जास्त पडला. आणि इच्छा नसतानाही त्याच्या निम्म्याइतकी वाढ होतीच."

मी कितीतरी वेळ गप्प बसलो. मंडपात मी सांगत होतो की यंत्र माणसाच्या इच्छेप्रमाणे चालते. आठ हजारांत एक! एवढ्या भांडवलावर मी नामाचा महिमा तोलून धरला होता, आणि त्या मापावर एका भोळ्या माणसाने आपल्या गोळ्या सोडल्या होत्या.

इथे जान यांच्या बाजूचेही पुरते सांगितले पाहिजे. आकडा लहान असला तरी एवढ्या लाखो फेऱ्यांत 'जास्त' आणि 'कमी' यांच्यात इतका फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी होती. म्हणून ते म्हणत, परिणाम अगदी बारीक असेल, पण आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की इतक्या वेळा तोलले की तांदळाच्या दाण्याएवढा पासंगही आकड्यांत उतरतो. सुरुवातीच्या काळातील यशाचा मोठा वाटा एकाच व्यक्तीच्या फेऱ्यांतून आला होता, हेही त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या लष्कराने विचारल्यावरून तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने असल्या सगळ्या प्रयोगांची छाननी केली. १९८८ साली आलेल्या तिच्या अहवालात म्हटले होते, की १३० वर्षांच्या संशोधनातून या गोष्टींना शास्त्रीय आधार मिळत नाही.

वाद मिटवायला एकच मार्ग होता. तोच माल दुसऱ्यांच्या तराजूवर तोलायचा. जान यांनी तोच स्वीकारला. जर्मनीतील फ्रायबुर्ग आणि गीसेन येथील दोन संस्था आणि प्रिन्स्टन, अशा तिघांनी आधी नियम ठरवले, फेऱ्यांची संख्या आधी ठरवली, आणि तोच प्रयोग पुन्हा केला. २२७ माणसे बसली. प्रत्येक संस्थेने प्रत्येक इच्छेसाठी अडीच लाख फेऱ्या केल्या. निकाल २००० साली छापून आला. फरक इच्छेच्या दिशेने होता, पण पूर्वीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा. योगायोगाने सहज पडावा एवढाच. प्रिन्स्टनच्या स्वतःच्या तळघरातही तो पुन्हा दिसला नाही. आकड्यांच्या ठेवणीत दुसरीकडे काही चमत्कारिक आढळते, असे त्या लेखात म्हटले आहे. पण मुख्य प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आले. त्या लेखावर पहिले नाव रॉबर्ट जान यांचे आहे. वीस वर्षे ज्या गोष्टीसाठी हसू झेलले, तिच्या विरुद्ध पडलेला कौल त्यांनी आपल्या नावाने छापला.

२००६ साली तीन संशोधकांनी अशा ३८० प्रयोगांची एकत्र मांडणी केली. लहान प्रयोगांत परिणाम मोठा दिसे, आणि प्रयोग जसजसा मोठा होई तसतसा परिणाम विरत जाई. न छापता पेटीत राहिलेल्या अपयशांमुळे असे होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष. बाजूच्या संशोधकांना तो मान्य झाला नाही, आणि त्यांचे उत्तरही त्याच नियतकालिकात छापले गेले. पण मुद्दा आपल्याला लगेच कळण्यासारखा आहे. नवस फळला तो माणूस तोरण घेऊन देवळात येतो. नाही फळला तो घरी बसतो. देवळातली तोरणे मोजून कोणी म्हणेल की इथे प्रत्येक नवस फळतो, तर घरी बसलेल्यांची मोजदाद कोणी केली?

फेब्रुवारी २००७ अखेर प्रिन्स्टनचे ते तळघर बंद झाले. अठ्ठावीस वर्षे ते चालले. जान यांचा स्वतःचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. २०१७ साली ते गेले. त्यांच्या प्रयोगशाळेतील रॉजर नेल्सन यांनी १९९८ सालीच दुसरे काम उभे केले होते. जगभर ठिकठिकाणी अशी यंत्रे ठेवायची आणि मोठ्या दुःखाच्या किंवा आनंदाच्या दिवशी त्यांच्या आकड्यांत काही फरक पडतो का, ते बघायचे. त्यावरही असाच वाद आहे. कोणता दिवस आणि कोणती वेळ धरायची यावरच निकाल फिरतो, असे टीकाकार म्हणतात.

हे एका तरुण कीर्तनकाराला सांगितले तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, "महाराज, मग आपण वारीत असे यंत्र ठेवू या. लाखो मुखांतून नाम चालले असताना काय आकडा येतो ते जगाला दाखवू." मी त्याला विचारले, "आकडा आला नाही तर वारी बंद करशील?" तो म्हणाला, "छे!" मी म्हटले, "आला तर काय वाढवशील?" त्याला उत्तर सुचेना. आकडा येवो न येवो, जे तसूभर कमीजास्त व्हायचे नाही त्याला तो साक्षीदार कशाला हवा?

आपल्या परंपरेने हा निवाडा फार पूर्वी करून ठेवला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपाद नावाचा भाग आहे. त्यात सिद्धींची लांबलचक यादी येते, आणि त्याच भागात या सिद्धी समाधीच्या वाटेवरचे अडथळे आहेत असेही बजावले आहे. चांगदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चौदाशे वर्षांचे योगबळ, बसायला वाघ, हातात सापाचा चाबूक. पण माउलींना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, आणि कागद कोराच आला. सिद्धी उदंड होती, तरी कागद कोरा. माउलींची भिंत चालली ही कथा आपण भक्तीने सांगतो आणि सांगत राहू. पण चांगदेवांच्या पदरात शेवटी पडले ते काय? पासष्ट ओव्यांचा बोध, आणि वयाने लेकरू असलेल्या मुक्ताईचे शिष्यत्व. भिंत कशी चालवावी हे शिकायला ते थांबले नाहीत.

आणि आपले संत तर सगळे अवजारांत वाढलेले. गोरोबांचे चाक, सावतोबांचा मळा, सेना महाराजांचा वस्तरा, कबीरांचा माग, जनाईचे जाते. यांतल्या एकाने तरी म्हटले का, की माझे अवजार मी मनाने चालवतो? जनाईच्या कथेत विठ्ठल स्वतः जात्याच्या खुंट्याला हात घालतो. प्रत्यक्ष देव आला तरी जाते हातानेच ओढायचे! दळणाचे कष्ट नामाने संपले नाहीत. दळणाऱ्या बाईचे मन त्या नामाने पालटले, आणि कष्टाचा भार वाटेनासा झाला.

म्हणजे प्रिन्स्टनच्या माणसांनी व्यर्थ श्रम केले, असे मला म्हणायचे नाही. खरे काय ते पाहायला निघाले, हाती नकार आला, तो लपवला नाही. हीही साधनाच. माझे काम त्यांच्याहून सोपे होते. त्यांचे लेख पूर्ण वाचायचे आणि जेवढे होते तेवढेच सांगायचे. तेवढेही माझ्याकडून झाले नाही.

तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो. गादीवरून शास्त्राचा दाखला जरूर द्या, पण गाथ्यातले प्रमाण देताना जेवढी भीती बाळगता तेवढीच इथेही बाळगा. कोणी केले, कधी केले, किती वेळा केले, आकडा काय आला, आणि दुसऱ्याने करून पाहिले तेव्हा काय झाले, एवढे ठाऊक नसेल तर तो दाखला देऊ नका. इथे मागे उभा राहून चाल धरणारा कोणी नसतो. आणि औषधाचा विषय निघाला तर डॉक्टरांनी सांगितलेले चालू ठेवा, एवढेच बोला.

निवृत्त होण्यापूर्वीचे माझे शेवटचे कीर्तन मी त्या टाळकऱ्यांच्या गावी मागून घेतले. निरूपण थांबवून मी सगळ्यांसमोर सांगितले की सात-आठ वर्षे मी तुम्हाला चुकीचे सांगितले, आठ हजारांत एक एवढाच तो आकडा होता, आणि तोही पुढे टिकला नाही. मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, "तुमचे मन कमी पडले नव्हते. माझे प्रमाण खोटे होते." त्यांना आता फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून ते खुर्चीवर बसून टाळ धरतात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चाल उचलली, मृदंगावर थाप पडली, आणि मी पुढचे चरण घेतले.

हल्ली संध्याकाळी हरिपाठाला ते अंगणात बसतात. आधी गोळी घेतात, मग टाळ घेतात.

राम कृष्ण हरि.